शेवंडीच्या शेपटीचा टोप

मित्रांनो, आधी नुसतं ऐका. मध्ये कोणी काही विचारू नका, कारण विचारलंत की मी गोंधळतो, आणि आत्ताच माझा इतका गोंधळ उडालाय की कुठून सुरुवात करू तेच कळत नाहीये.

मी एक जुना जर्मन टोप आहे. घोड्यावरच्या शिपायाचा, लोखंडी. जुना म्हणजे परवाच्या मोठ्या लढाईतला नव्हे, त्याच्याही कितीतरी आधीचा. पण थांबा, हेही पुरतं खरं नाही. लोखंड जुनं आहे. आतलं कातड्याचं अस्तर मात्र इथे आगरदांड्यात, नुरुद्दीन सारंगांच्या पडवीत बसवलेलं, चारच वर्षांपूर्वी. आणि डोकं कळतं ते अस्तराला. लोखंडाला काय, फक्त ठोका कळतो. घाम, ताप, केसांतलं तेल, भीती, सगळं मुरतं ते अस्तरात. मग तुमच्याशी बोलतोय तो मी साठ वर्षांचा की चार वर्षांचा? बघा, आलंच ना.

पहिलं अस्तर कसं बसवलं ते मला अर्धवट आठवतं, कारण ज्याला ते नीट आठवलं असतं ते अस्तरच आता नाही. एक खिडकी होती. मेणाचा वास होता. कारागिराने कातड्याची लांब पट्टी घेतली, एक कड सरळ ठेवली आणि दुसऱ्या कडेला दहा पाकळ्या कापल्या. प्रत्येक पाकळीच्या टोकाला एक भोक. सरळ कड मेण लावलेल्या दोऱ्याने एका जाड पट्ट्यावर शिवली, तो पट्टा माझ्या काठाच्या आतून फिरवला, बाहेरून पितळी खिळे घातले आणि आतल्या बाजूला खिळ्यांचे पाय फाकवून दाबले. मग दहाही पाकळ्या वर वळवल्या, दहा भोकांतून एक नाडी ओवली आणि बटव्याची ओढतात तशी ओढली. नाडी आवळली की टोप डोक्यावर उंच बसतो, सैल केली की खाली उतरतो. डोकं पाकळ्यांवर टेकतं, लोखंडाला लागतच नाही, मध्ये जागा राहते. वरून घाव आला तर त्या रिकाम्या जागेत जिरतो. शेवटी त्याने नाडीची साधी सुटती गाठ मारली. ही गाठ लक्षात ठेवा, मी विसरलो होतो.

शिपाई कोण होता, विचारू नका. घोड्याचा वास आठवतो, चेहरा नाही. मग खूप वर्षं काळोख, आणि मग एकदम उजेड, कुठल्याशा बंदरातला बाजार, शेजारी मासळीच्या टोपल्या, आणि समोर एक दाढीवाला माणूस मला उलटासुलटा करून हसतोय. ते नुरुद्दीन. मोठ्या आगबोटीवर सारंग होते, खलाशांचे मुकादम. लढाई संपून तीन-चार वर्षं झाली होती, असले टोप तिथे कोणाला नको होते. त्यांनी मला पेटीत टाकलं आणि घरी आणलं.

घरी त्यांच्या बायकोने, महेरुन्निसाचाचींनी, मला पाहिलं आणि त्या म्हणाल्या, "शेवंड आणलीत व्हय? नुसती शेपटी दिसते, मांस कुठाय?"

खोटं नव्हतं ते. माझ्या मागच्या बाजूला, मान झाकायला, एकावर एक बसवलेल्या लोखंडी पट्ट्या होत्या, अगदी शेवंडीच्या, समुद्रातल्या त्या मोठ्या झिंग्याच्या, शेपटीसारख्या. घोडेस्वाराच्या मानेवर मागून तलवार बसू नये म्हणून. मला त्या शेपटीचा अभिमान होता. आता सांगायला लाज वाटते.

चाचींनी मला काथ्याच्या चुंबळीवर उलटा ठेवला आणि आत तांबडी कोंबडी अंडी उबवायला बसवली. मित्रांनो, मला वाटलं शिपाई आला. खरंच. इतक्या वर्षांनी आत काहीतरी ऊबदार होतं. डोकं जरा हलकं वाटलं, आणि हा शिपाई सारखा उठून दाणे खायला का जातो ते कळेना, पण मी एकवीस दिवस अजिबात हललो नाही, आणि मग डोक्याची एकदम नऊ डोकी झाली आणि ती चिवचिवत निघून गेली. मी पुरता चक्रावलो. असं नऊ वर्षं चाललं. कोंबड्यांनी चोची मारमारून माझ्या दहा पाकळ्यांतल्या सात खाल्ल्या.

आता बुधाजीचं सांगतो, खरी गोष्ट तीच आहे.

बुधाजी आनंदीबाईंच्या माडांच्या वाडीत नारळ पाडायचा. माडावर चढायचा, तयार नारळांचे घड, पेंडी, कोयत्याने तोडून खाली सोडायचा, आणि त्याची बायको रंगू नारळ गोळा करायची. एकदा तो चढत असताना वरून सुका नारळ सुटला आणि सरळ त्याच्या डोक्यात बसला. त्याने माड सोडला नाही, रक्ताने डोळे भरले तरी उतरला. पण जखम भरून आली ती नीट आली नाही.

रंगू चाचींच्या चुलीपाशी बसून सांगत होती, मी तिथेच कोंबडीखाली होतो. "चाची, बोट लावलं का आत दबतं. लहान पोराची टाळू असते ना, तशी. डागदर म्हनला, अजून एक बसला तर संपलं."

"मग चढू देऊ नको."

"आनंदीबाई पन तेच म्हनतात. म्हनाल्या, बुधाजी, डोकं झाकल्याशिवाय माझ्या माडाला हात लावायचा नाही, तुझं रक्त माझ्या वाडीत सांडलेलं मला चालायचं नाही. आता मुंडाशानं काय झाकतंय? तो म्हनतो, मुंबैला जातो, गिरनीत." तिने चुलीतलं लाकूड पुढे सारलं. "चाची, गेलेला मानूस येतो का वो परत?"

चाचींचा नवरा तीस वर्षं समुद्रावर होता. त्या उठल्या, कोंबडीला दोन्ही हातांनी उचललं, खाली ठेवलं, आणि मला रंगूच्या मांडीवर दिलं. "हे घे. कोंबडीची समजूत मी काढते."

दुसऱ्या दिवशी सकाळी पडवीत माझं अस्तर बदलायचं काम सुरू झालं. नुरुद्दीनचाचांनी तळहाताला जाड कातडं बांधलं, शिडं शिवताना बांधायचे तेच, आणि दाभण घेऊन बसले. खिळ्यांचे पाय सरळ केले, जुनं अस्तर ओढून काढलं. तेव्हा काय झालं ते मला सांगता येत नाही. खिडकी गेली, घोडा गेला, मेणाचा वास तेवढा कुठेतरी अडकून राहिला.

बुधाजीने जुनं कातडं बोटाने उलटवलं. "चाचा, हे कुठल्या जनावराचं?"

चाचांनी ते नाकाशी नेलं, लगेच लांब धरलं. "तुला चालणार न्हाय असलं असेल न्हायतर मला चालणार न्हाय असलं. विचारू नको. आपण बोकडाचं घालू."

"बोकड बरा," बुधाजी म्हणाला.

जुन्याच्या मापाने नवी पट्टी कापली, दहा पाकळ्या पाडल्या. मग अडचण आली. पाकळी नेमकी त्या मऊ जागेवर टेकली तर? चाचीच म्हणाल्या, हळद लावा. रंगूने ओली हळद नवऱ्याच्या डोक्यावर त्या जागी लावली, अगदी हलक्या हाताने, आणि चाचांनी मला वरून अलगद ठेवून उचललं. सातव्या पाकळीवर पिवळा ठसा. ती पाकळी चाचांनी अर्धी कापली आणि नाडी तिला वगळून पुढे ओवली. जगात कुठल्या टोपाला असली तोकडी पाकळी नसेल. तिथे काहीच टेकायचं नाही, एवढंच तिचं काम. आपल्यात जे नाहीये तेच कामाचं, हे मला अजून नीट समजलेलं नाही.

हनुवटीखालचा पट्टा चाचांनी कानाजवळ अस्तरालाच शिवला आणि त्याला करवंटीची गुंडी लावली. राहिली नाडीची गाठ. चाचांनी ती मारली आणि दातांनी ओढली.

बुधाजी म्हणाला, "चाचा, जरा सुटंल अशी मारा. पुढंमागं सैल झाली तर आवळायला."

"सुटणारी गाठ मी तीस वर्षांत मारली न्हाय. सुटली का माणूस गेला समुद्रात."

"हे जहाज न्हाय, चाचा. माड हाय."

"माडावर वारा नसतो काय? बस गप. समोर बघ."

बुधाजी पडवीत गप बसला आणि समोर दिघीकडच्या पाण्याकडे बघत राहिला, आणि चाचांनी मला त्याच्या डोक्यावर बसवून चारी बाजूंनी तपासलं. छान बसलो होतो. सगळे खूश. मीपण. बुधाजी समोर बघतोय, माड समोर नसतो, वर असतो, हे कोणाच्या ध्यानात आलं नाही. घोडेस्वाराचं माप घेतात तसं माप झालं. चाचांनी शेवटी कातड्याला मुशी माशाचं तेल चोळलं, होडीला चोळतात ते, आणि बुधाजी घरी निघाला तर मागे दोन मांजरं.

पुढचं दीड वर्ष, मित्रांनो, माझं सगळ्यात चांगलं गेलं. रस्त्यात लोक ओरडायचे, "बुधाजी, घोडा कुठं बांधलास?" तो म्हणायचा, "वाडीत उभा हाय, पन्नास हात उंच." आणि मलाही खरंच तो घोडाच वाटायचा. तालात हलायचा, घाम यायचा, धाप लागायची. फक्त हा घोडा पुढे का जात नाही, नुसता वरच का जातो, ते कळायचं नाही. दोनदा नारळ बसला. ठण्णकन आवाज, आतली जागा दबली, पाकळ्यांनी धरलं, सातवीपाशी काही पोचलं नाही. आनंदीबाई स्वतः माडाखाली येऊन म्हणाल्या, "बुधाजी, या टोपाला नारळ फोड एक." फोडला.

पण बोकडाचं कातडं घामाने ताणतं. हळूहळू पाकळ्या सैल पडल्या आणि मी खाली बसायला लागलो, आधी बोटभर, मग दोन. नाडी आवळली असती तर झालं असतं. बुधाजीने प्रयत्न केला, रंगूने दाभण घालून बघितलं. चाचांची गाठ घामाने अशी काही आवळली होती की सुटेना. "चालंल," बुधाजी म्हणाला.

खाडीकडचा माड सगळ्यात उंच. तो दिवस साधाच होता. बुधाजी शेंड्यावर पोचला, पायातला दोरीचा फास आवळला, एक हात झावळीच्या देठाला, आणि वरची पेंड बघायला त्याने मान मागे टाकली. माझी शेपटी त्याच्या पाठीला टेकली. मी मागे जाऊ शकत नव्हतो, म्हणून पुढे आलो. सरळ त्याच्या डोळ्यांवर, नाकापर्यंत.

त्याने कोयता चाचपडत देठात रुतवला आणि मोकळ्या हाताने मला मागे ढकललं. मी गेलो नाही. गुंडी सोडायला बघितली. पट्टा ताणलेला, एका हाताने गुंडी निघेना. मग त्याने मला जोरात ओढलं, दोनदा, आणि कानाजवळचे टाके उसवले. एक सोडून सगळे.

रंगू बांधावर उभी असायची, पाडणं चालू असताना ती माडाखाली येत नसे. पण तो हलेना हे तिने बघितलं आणि ती पळत आली.

"अवो, काय झालं?"

"दिसंना. टोप डोळ्यावर आला."

"फेका मग त्याला."

"तू खाली हायेस. लांब हो."

"तुम्ही आधी खाली या, मग होते."

"रंगू, लांब हो."

"तुम्हाला दिसत न्हाय आनि मी लांब होऊ?"

आणि बुधाजीने मला ओढायचं थांबवलं. ती खाली असताना तो मला सोडणार नव्हता, आणि तो वर आंधळा असताना ती हलणार नव्हती. त्याच्या पायातला फास सरकत होता, मला त्याच्या डोक्यातून कळत होतं. घाम एकदम गार झाला. भीती अशी गार असते, हे अस्तराला माहीत असतं. आणि मी एका टाक्यावर.

मित्रांनो, त्या टाक्यावर माझं सगळं होतं. धरला तर तो पडतो. सोडला तर मी पडतो, आणि खाली ती. आणि मला तेव्हा विचार करायला वेळच नव्हता, किंवा खूप होता, मला नीट सांगता येत नाही, फक्त इतकं माहीत आहे की कोणी ओढलं नाही, वारा नव्हता, आणि मी त्याच्या डोक्यावर नव्हतो.

मी रंगूच्या डाव्या खांद्यावर पडलो, शेपटीच्या कडेने. गळ्याखालचं हाड मोडलं. ती खाली बसली, वर बघितलं आणि म्हणाली, "दिसतंय का आता?"

त्याला दिसत होतं. तो उतरला, सगळ्या हाता-छातीची सालटी काढत, पण डोक्याला ओरखडासुद्धा नाही.

संध्याकाळी नुरुद्दीनचाचा आले. त्यांनी मला उलटा करून तो टाका कितीतरी वेळ बघितला. "दोरा कुजलेला न्हाय. ह्या दोऱ्यानं मी शिड शिवलंय. हा असा तुटत न्हाय. ओढला असशील तू."

"न्हाय ओढला," बुधाजी म्हणाला. "ती खाली होती, चाचा. मी कसा ओढीन?"

"मग?"

रंगू पडल्या पडल्या म्हणाली, "मग त्यानंच सोडलं."

तिघांनी माझ्याकडे बघितलं. कोणी हसलं नाही. मला वाटलं, आता मला खाडीत टाकतील, आणि मला तेही बरोबरच वाटलं.

हाड दीड महिन्यात जुळलं, पण हात खांद्याच्या वर जाईना. रंगूला स्वतःचा अंबाडा घालता येईना, म्हणून बुधाजी घालायला लागला. पहिल्या दिवशी तो अंबाडा बघून महेरुन्निसाचाची म्हणाल्या, "पन्नास हात वर जाऊन पेंडी तोडतोस आणि तुला केस बांधता येत न्हायत? हा अंबाडा हाय का घरटं?" त्याने तो सोडून परत घातला. आनंदीबाईंनी निरोप पाठवला होता, आता पुरे, दुसरा माणूस बघते. बुधाजीने मुंबईला जायचं गाठोडं बांधून दारामागे ठेवलं होतं.

रंगूने गाठोडं बघितलं. तिने मला उजव्या हातात घेतलं आणि सारंगांच्या पडवीत नेऊन चाचांच्या समोर ठेवलं.

"चाचा, ही शेपटी काढा."

"तोडायची? जुनं काम हाय पोरी, असं आता कोणी करत न्हाय."

"माझा खांदाबी जुनाच हाय, नवीन मिळंना. काढा."

चाचांनी छिन्नी आणली. एकेक पट्टी खिळ्यांवर बसवलेली होती, खिळ्यांची डोकी उडवली की पट्टी सुटायची. मला दुखलं नाही. लोखंडाला फक्त ठोका कळतो, मी म्हटलं ना. शेपटी पडवीत पडली. मग चाचांनी आपली गाठ सोडवायला घेतली, सुटली नाही, शेवटी त्यांनी ती स्वतःच सुरीने कापली आणि कितीतरी वेळ तळहातावर घेऊन बसले.

"चूक माझी हाय," ते म्हणाले. "मी ह्याला जहाजावर बांधला."

"आता माडावर बांधा," रंगू म्हणाली.

माप या खेपेला पडवीत घेतलं नाही. सगळे वाडीत गेले. बुधाजीला माडाला पाठ लावून उभा केला, मान मागे टाकायला लावली, अगदी शेंड्याकडे बघायला, आणि तो तसाच वर बघत असताना चाचांनी नाडी आवळली, थोडी सोडली, परत आवळली. चाची म्हणाल्या अजून. रंगूने त्या मऊ जागेभोवती आत बोट फिरवून बघितलं, सातवी कुठे टेकते का. नाही टेकत म्हणाली. मग चाचांनी सुटती गाठ मारली. ओठ घट्ट मिटून मारली, पण मारली. हनुवटीखाली गुंडी काढून एक दोरी लावली, टोक ओढलं की एका हाताने सुटणारी.

आनंदीबाई लांबून बघत होत्या. त्या रंगूला म्हणाल्या, "तुझं काय म्हणणं आहे? तुझ्याच अंगावर पडला होता तो."

रंगू म्हणाली, "ह्याच्या बिगर तो मुंबैला जातो, बाई. ह्याच्यासंगं निदान मला दिसतो तरी."

गाठोडं सुटलं. बुधाजी अजून चढतो. शेपटीशिवाय मी जरा उघडा वाटतो, पण आता तो वर बघतो तेव्हा मीही वर बघतो. तुमच्यापैकी कोणी कधी कोणासाठी टोप शिवणार असेल तर एवढं विचारा, की हे डोकं कुठे बघणार आहे, आणि मग माप घ्या. आणि शिवलात की अधूनमधून नाडी बघत जा. कातडं ताणतं. चालंल म्हणू नका.

झालं, संपतच आलं, फक्त तेवढं एक राहिलं. तो टाका. चाचा अजून म्हणतात दोरा तुटला नाही, बुधाजी म्हणतो ओढला नाही. मला विचाराल तर कधी वाटतं मी सोडला, आणि तेव्हा रंगूचा खांदा मी मोडला. कधी वाटतं मी धरूनच होतो, तो आपोआप गेला, आणि तेव्हा बुधाजीला मी वाचवलं नाही, नुसतं तसं झालं. दोन्हीपैकी एक तरी पक्कं ठरावं म्हणून मी अडीच वर्षं विचार करतोय. रंगू रोज मला पुसून उन्हात ठेवते, एकाच हाताने, आणि पुसताना कानाजवळच्या त्या जागेवर तिचं बोट जरा थांबतं. ती काही बोलत नाही. ती नाही बोलली तरी चालेल, पण तुम्ही सांगा. वर तो, खाली ती, आणि हातात एकच टाका. तुम्ही काय केलं असतं?